काप, रूत आणि माझा अर्ध्या पानाचा तक्ता

बारामतीच्या विमानतळावर मी तेवीस वर्षं वैमानिकांना शिकवत होते, असं सांगितलं की समोरचा जरा सरसावून बसतो. त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मग तुम्हाला विमान चालवता येतं? नाही येत. स्कूटरसुद्धा मी फक्त सरळ रस्त्यावर चालवते. पुण्यात बहिणीकडे जाताना मी दोनदा चुकले, हे आमचे हे चारचौघांत अजून रंगवून सांगतात. पण आकाशात वाट कशी काढायची ते मी शेकडो मुलामुलींना शिकवलं आणि त्यांतले जवळजवळ सगळे जिथे पोचायला हवं तिथेच पोचले. थोड्यांविषयी पुढे सांगते.

माझं बालपण वालचंदनगरला, कंपनीच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील ड्रॉइंग ऑफिसात होते. कागदावर रेघ ओढायच्या आधी ती कशासाठी ओढतेस ते सांग, असा त्यांचा खाक्या. पुण्याला फिजिक्स केलं आणि हॉस्टेलच्या खोलीतली मैत्रीण फ्रेंचच्या वर्गाला जायची म्हणून तिच्या सोबतीला मीही गेले. तिने दोन महिन्यांत सोडलं, मी चार वर्षं टिकले. लग्न होऊन बारामतीला आले तेव्हा इथल्या एका वैमानिक प्रशिक्षण संस्थेला दिशाशास्त्र शिकवायला माणूस हवा होता. मुलाखतीत मुख्य प्रशिक्षकांनी विचारलं, विमानात बसायची भीती वाटते का? मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, म्हणजे तुम्ही वर्ग सोडून पळणार नाही.

माझ्या फ्रेंचचा उपयोग व्हायला पाच वर्षं जावी लागली. संस्थेने फ्रान्समध्ये बनलेली दोन जुनी छोटी विमानं घेतली आणि त्यांच्याबरोबर खोकंभर पुस्तकं आली, सगळी फ्रेंचमध्ये. ती माझ्या टेबलावर येऊन पडली. त्यांत मला दोन शब्द भेटले आणि खरं सांगते, त्यांनी माझं शिकवणंच बदललं.

एक शब्द ‘काप’. विमानाचं नाक ज्या दिशेला असतं, ती दिशा. दुसरा ‘रूत’. विमान जमिनीवरून बघता खरोखर ज्या दिशेने सरकतं, ती. वारा नसेल तर दोन्ही एकच. पण वारा बाजूने लोटत असतो, म्हणून नाक थोडं वाऱ्याकडे वळवून धरावं लागतं, आणि मग नाक एकीकडे बघतं आणि विमान दुसरीकडे चालतं. या दोन्हींत जो फरक पडतो तो ‘देरीव’. इंग्रजीतही याला वेगवेगळे शब्द आहेत, पण आमची मुलं ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरायची. नवा कोरा परका शब्द दिला की घोटाळा होत नाही, असं मला दिसलं. पहिल्या तुकडीला काप म्हटल्यावर वांग्याचेच काप आठवले आणि वर्गात खसखस पिकली, पण एकदा बसलेला शब्द पुन्हा हलला नाही.

फळ्यावर बाण काढून हे पटतं, अंगात मुरत नाही. म्हणून मी दर तुकडीला भिगवणला घेऊन जायचे. उजनीच्या पाण्यावर किसनतात्यांची मासे धरायची होडी होती. पलीकडच्या काठावरचं एक बाभळीचं झाड दाखवून मी म्हणायचे, तात्या, तिथे नेऊन सोडा. तात्या होडीचं तोंड झाडाच्या बऱ्याच डावीकडे धरून वल्हवायला लागायचे. दर वर्षी एक तरी मुलगा अस्वस्थ होऊन सांगायचा की काका, झाड तिकडे आहे. तात्या वल्हं न थांबवता म्हणायचे, “नाक तिकडं हाय, पर आपुन हिकडंच चाललोय. वारं बगा की जरा.” आणि होडी बरोबर झाडाखाली लागायची. परत येताना हॉटेलात मासे खायचे, हा अभ्यासक्रमाचा दुसरा भाग. तो कुणी चुकवत नसे.

तरीही माणसं चुकतात. एक मुलगा पहिल्यांदाच एकटा लांबच्या फेरीला गेला होता. परतीच्या वाटेवर वाऱ्याचा हिशोब करायला विसरला आणि काप हीच रूत धरून निवांत बसला. खाली उसाचा हिरवा पट्टा लागला, कारखान्याची चिमणी दिसली, आणि त्याने रेडिओवर ऐटीत कळवलं की बारामती समोर दिसते आहे. टॉवरवरच्या माणसाने दुर्बीण लावून चारी दिशा बघितल्या. आकाशात कावळासुद्धा नव्हता. आमच्या भागात चिमणी दिसली की गाव आलं असं समजायला लागलात तर दिवसभरात दहा वेळा घरी पोचाल. पठ्ठ्या भलत्याच कारखान्याला तीन घिरट्या घालून धावपट्टी शोधत होता. शेवटी रेल्वेचे रूळ धरून, भिगवणचं पाणी ओळखून, तो उतरला. आज मोठ्या विमानाचा कॅप्टन आहे आणि भेटला की तो किस्सा माझ्याआधी तोच सांगतो.

आता माझ्या अभिमानाच्या गोष्टीकडे येते. वैमानिक निघण्याआधी प्रवासाचा एक तक्ता भरतो. नकाशावर रेघ ओढून रूत काढायची, वाऱ्यासाठी दुरुस्ती करून काप काढायचा. हा काप नकाशाच्या उत्तरेवरून मोजलेला, म्हणून खरा काप. पण विमानात असतं होकायंत्र, आणि होकायंत्राची सुई नकाशाच्या उत्तरेकडे बघत नाही. ती चुंबकीय उत्तरेकडे बघते. दोन उत्तरांमधला हा फरक जगात जागोजागी वेगळा. तो खऱ्या कापात मिळवला किंवा वजा केला की चुंबकीय काप मिळतो आणि तो वैमानिकाने होकायंत्रावर धरायचा.

गंमत अशी की बारामतीत हा फरक जेमतेम अर्धा अंश, म्हणजे नसल्यातच जमा. हाताने विमान चालवणाऱ्याला अर्धा अंश पाळताही येत नाही. मुलं तक्त्यातल्या फरकाच्या घरात शून्य लिहायची आणि पुढे जायची. छापील तक्ता मोठा, वैमानिकाच्या मांडीवर बांधायची पाटी लहान, आणि कागद घडी घालून कोंबला की नेमका हवा तो आकडा घडीत जायचा. म्हणून मी एक सुटसुटीत, अर्ध्या पानाचा तक्ता बनवला. जागा करण्यासाठी फरकाचा रकाना काढून टाकला. खरा काप लिहायचा, तोच आकडा शेजारच्या चुंबकीय कापाच्या घरात उतरवायचा. तक्ता पाटीवर चपखल बसायचा. मुलं खूश, प्रशिक्षक खूश. बाहेरगावच्या संस्थांनीही तो मागून नेला आणि मी कोपऱ्यात माझी आद्याक्षरं घातली, इतकी मला त्याची हौस होती.

वृषाली माझ्या मधल्या काळातल्या एका तुकडीतली. वरकुट्याची, घरची शेती, आईवडील दिवसभर रानात. तिला विमानाचं वेड लागलं तेव्हा घरात तिच्या बाजूने एकटे आजोबा उभे राहिले. सगळे त्यांना आबा म्हणायचे, मग मीही म्हणू लागले. परवाना मिळाला, पण वैमानिकाची खुर्ची मिळेना. नऊ वर्षं तिने आमच्याच संस्थेत वेळापत्रकं लावली, विमानांच्या नोंदी ठेवल्या आणि स्वतःचे उड्डाणाचे तास कसेबसे जिवंत ठेवले. एकतिशीला आली तेव्हा घरचे तिला ऐकू जाईल अशा बेताने बोलायला लागले होते की झाली हौस तेवढी पुरे.

अशात तिला मादागास्करहून बोलावणं आलं. रस्ते नसलेल्या गावांत छोट्या विमानातून डॉक्टर आणि औषधं पोचवणारी एक संस्था होती. अट दोन गोष्टींची. कामापुरतं फ्रेंच यायला हवं, आणि तिथे पोचल्यावर मुख्य वैमानिकांना शेजारी बसवून एक चाचणी उड्डाण करायचं. उपग्रहावरून वाट दाखवणारं यंत्र बंद ठेवून, फक्त नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र. जमलं तर नोकरी, नाही तर परतीचं विमान. परत आली असती तर पुन्हा कुणी बोलावलं नसतं, हे तिला माहीत होतं आणि मलाही.

मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. ती रोज दुपारी घरी यायची आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर फ्रेंच घोकायचो. काप व्रे म्हणजे खरा काप, काप मान्येतीक म्हणजे चुंबकीय. ती उच्चार करायची आणि मी पोळ्या लाटता लाटता सुधारायचे. निघताना मी तिला माझाच तक्ता फ्रेंच मथळे घालून दिला. तिने पाटीवर बसवून बघितला आणि म्हणाली, मॅडम, हा असला की मला बारामतीत असल्यासारखं वाटेल. मला फार बरं वाटलं.

चाचणीच्या आदल्या दुपारी तिने भरलेल्या तक्त्याचा फोटो पाठवला. शब्द बरोबर आहेत का बघा, म्हणाली. मी चष्मा लावून एकेक शब्द तपासला, एका अक्षरावरचं चिन्ह राहिलं होतं तेवढं सांगितलं आणि शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आबा दारात. वरकुट्याहून एसटीने आलेले, हातात डाळिंबांची पिशवी. घरात कुणालाच काही समजत नव्हतं आणि त्यांना चैन पडत नव्हतं, म्हणून ज्याला कळतं त्याच्याकडे जाऊन बसावं असा त्यांनी विचार केला होता. पोरगी आज काय करणार ते मला नीट सांगा, म्हणाले. मला समजावून सांगायला कुणी मिळालं की मी थांबत नाही. मी फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. ही नकाशावरची वाट, हा वारा, हे वाऱ्यासाठी वळवलेलं नाक, ते नकाशाच्या उत्तरेवरून. आणि हे शेजारचं नाक होकायंत्राच्या उत्तरेवरून. आबा दोन्ही घरांवर बोट ठेवून बघत राहिले. दोन्हींत दोनशे सदुसष्ट.

“आकडा त्योच हाय की बाई. मग दोनदा कशापायी लिवलाय?”

मी सवयीने सांगितलं की आपल्या इथे दोन उत्तरांत फरक नसतो.

“हितं न्हाय. पर ती हितं हाय का?”

 मादागास्करमध्ये तो फरक थोडाथोडका नाही, अठरा-वीस अंशांचा आहे. साठ मैलांच्या प्रवासात एक अंश चुकला तर विमान एक मैल बाजूला जातं, हे मी प्रत्येक तुकडीला पहिल्याच आठवड्यात सांगायचे. वीस अंश म्हणजे वीस मैल. आदल्या दिवशी मी तोच तक्ता पाहिला होता आणि मला त्यात फक्त शब्द दिसले होते. जे घर मी स्वतः काढून टाकलं होतं, ते नाही हे मला दिसलंच नव्हतं.

फोन लावला, बंद. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, तिथे पावणेआठ वाजत आले होते, आठला उड्डाण, आणि चाचणीआधी फोन जमा करून घेतात असं ती म्हणाली होती. मी मेसेज टाकला, तो पोचलाच नाही. संस्थेच्या कचेरीचा नंबर शोधून लावला, तिथे कुणी उचलेना. मग आबांसमोर बसले आणि जे होतं ते सांगितलं. चूक तिची नाही, माझी आहे. मी तिला एक पायरी गाळायला शिकवलं. जीव धोक्यात नाही, शेजारी जाणता माणूस आहे. पण नोकरी जाईल, आणि ती माझ्यामुळे जाईल.

 आबांनी विचारलं की चुकलंय हे तिला वर गेल्यावर कळेल का. मी म्हटलं, कळेल, पण कधी ते सांगता येत नाही. ते म्हणाले, “मग बसू या. तुमी च्या टाका.”

त्या दिवशी मी तीनदा चहा केला. आबांनी डाळिंबं सोलून वाटीभर दाणे काढून ठेवले आणि दोघांनीही त्यांना हात लावला नाही. एकच्या सुमाराला फोन वाजला.

आबांनी माझ्या हातातून तो घेतला आणि एवढंच विचारलं, “पोचलीस का?” तिचं उत्तर मला ऐकू आलं नाही. पण त्यांचा चेहरा सैल झाला आणि फोन माझ्याकडे देऊन ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

झालं होतं ते असं. नदी डाव्या हाताला राहील असं नकाशा सांगत होता. दहाव्या मिनिटाला ती नदी तिच्या पायाखालून उजवीकडे सरकली. बारामतीत काहीही चुकलं की आम्ही वाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो, तसा तिनेही आधी वाऱ्यावर संशय घेतला. पण खाली रानात कुणी गवत पेटवलं होतं आणि धूर तक्त्यात लिहिल्याप्रमाणेच दक्षिणेकडून उत्तरेला चालला होता. असा वारा तिला उजवीकडे लोटेल, डावीकडे नाही. मग उरलं काय? तिने नकाशावरची, दोन उत्तरांतला फरक दाखवणारी तुटक रेघ आणि तिच्यावरचा आकडा बघितला, जो आमच्या नकाशावर कुणी कधी बघत नाही. शेजारच्या माणसाला तिने तिथल्या तिथे फ्रेंचमध्ये सांगितलं की माझा काप चुकला आहे, मी जमिनीवरच एक पायरी गाळली, आता दुरुस्त करते. एकोणीस अंश मिळवून ती वळली, नदीवरचा एक पूल ओळखून पुन्हा वाटेवर आली आणि ठरल्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिरा उतरली.

उतरल्यावर मुख्य वैमानिकांनी तिच्या मांडीवरचा तक्ता मागून घेतला. खालीवर बघितला. यात फरकाचं घरच नाही, हा तक्ता कुणी बनवला? ती म्हणाली, मी. त्यांनी तो घडी करून तिला परत दिला आणि सांगितलं, मग नवा बनव, आणि सोमवारपासून कामावर ये.

मी तिला म्हटलं, अगं, माझं नाव का नाही सांगितलंस?  एरवी माझ्याशी ती नेहमी नीटनेटकं पुस्तकी बोलते. तेव्हा वरकुट्याचंच बोलली.

“तुमचं नाव घेतलं असतं, तर त्येंना वाटलं असतं बारामतीत असंच शिकवत्यात. ते मला न्हाय चाललं, मॅडम.”

फोन ठेवला आणि मी रडले. आबा म्हणाले, आता दाणे खा, आणि आम्ही वाटी संपवली.

पुढच्या आठवड्यात मी संस्थेत गेले आणि तक्त्यात ते घर परत घातलं. जागा कमी पडली म्हणून माझी आद्याक्षरं काढली. तेव्हाच्या तुकडीसमोर उभं राहून काय झालं ते सांगितलं. मग ज्यांचे पत्ते माझ्याकडे होते अशा सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना लिहिलं. उत्तरं आली ती वाचून मी डोक्याला हात लावला. एकाला दक्षिण आफ्रिकेत याच घरावरून बोलणी बसली होती. एकजण कॅनडात पहिल्याच परीक्षेत नापास झाला होता. दोघीतिघींनी आपापल्या हाताने तक्त्यात ते घर आखून घेतलं होतं. आणि इतक्या वर्षांत एकानेही मला कळवलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच. तुम्हाला कसं सांगणार, मॅडम?

दिवाळीला घरी येऊन पाया पडणारी, पेढे आणणारी ही माझी पोरं. त्यांनी आदर थोडा कमी ठेवला असता तर मी आधीच शहाणी झाले असते. पण राग येत नाही. मी त्यांना वाऱ्याची, नकाशाची, होकायंत्राची चूक पकडायला शिकवलं. बाईंची चूक कशी सांगायची ते शिकवायचं राहून गेलं. नव्या तुकडीला मी आता पहिल्या तासाला तेच शिकवते. आठवड्यातून एकदा जाते, आणि मागच्याच महिन्यात एका मुलीने फळ्यावरची माझी बेरीज चुकल्याचं सर्वांदेखत सांगितलं. खरोखर चुकली होती.

वृषाली आता तिथे डॉक्टरांना घेऊन उडते. परवा तिने एक फोटो पाठवला, गवताच्या धावपट्टीवर उभं विमान आणि मांडीवर तिने स्वतः बनवलेला तक्ता, पूर्ण पानाचा. चाचणीतल्या त्या चुकीची नोंद तिच्या नावावर तिथल्या फायलीत आहे, आणि ती काढून टाकायला ती मला पत्र लिहू देत नाही. मुख्य वैमानिकांना मराठी येत नाही आणि हा अंक त्यांच्यापर्यंत जाणार नाही. तरी इथे लिहून ठेवते. तो तक्ता तिचा नव्हता. माझा होता.